ड्रमसेटवर सराव करताना सोबतचे गाणे स्पष्ट कसे ऐकावे

ध्वनिमुद्रित गाण्यासोबत ड्रम वाजवणे हा ठेका पक्का करण्याचा अत्यंत उपयुक्त सराव आहे. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारे साधन, लय सांभाळायला शिकवतो. पण अंतरा संपून मुखडा कुठे परततो, गायकाने ओळ सोडल्यावर भरणा किती करावा, बेस गिटारच्या कोणत्या स्वरावर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पडायला हवी, हे सारे गाण्याबरोबर वाजवूनच अंगात मुरते. ट्रिनिटी कॉलेज लंडनची रॉक अँड पॉप परीक्षा किंवा रॉकस्कूलच्या श्रेणी परीक्षा देणाऱ्या मुलांना तर बॅकिंग ट्रॅकवरच, म्हणजे साथीच्या ध्वनिमुद्रणावरच, वाजवून दाखवावे लागते. अडचण सर्वांची एकच असते. हलका ठेका चालू असेपर्यंत गाणे ऐकू येते, आणि क्रॅश सिम्बलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, काठी पडली की ते नाहीसे होते. मग वाजवणारा गाण्याचा आवाज वाढवतो, थोड्या वेळाने आणखी वाढवतो, आणि तासाभराने कानात शीळ घेऊन उठतो.

या लेखातील प्रत्येक पायरीमागे एकच सूत्र आहे: गाणे मोठे करायचे नाही, कानापर्यंत पोहोचणारा ड्रम लहान करायचा. हा क्रम उलटा झाला की कितीही महाग साहित्य आणले तरी गाणे गढूळच ऐकू येते आणि कानांची हानी होते ती वेगळीच.

गाणे का बुडते

साध्या ड्रमसेटचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानापाशी साधारण ९५ ते ११० डेसिबल असतो, आणि स्नेअरवर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमवर, रिमशॉट (कातडे आणि कड यांवर एकदम पडणारा ठोका) बसतो तेव्हा त्याचे क्षणिक टोक १२० डेसिबलच्याही वर जाते. अमेरिकेतील नायॉश ही कामगार आरोग्य संशोधन संस्था ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच असावा असे सांगते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करते. या हिशेबाने ९४ डेसिबलला १ तास मिळतो आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. म्हणजे गाणे सुरू करण्याआधीच, नुसत्या ड्रमच्या आवाजानेच उघड्या कानांची दिवसाची मर्यादा एका गाण्यात किंवा चार गाण्यांत संपलेली असते.

दुसरे कारण आपल्या श्रवणाच्या रचनेत आहे. मोठा आवाज आपल्या आसपासच्या आणि आपल्याहून वरच्या पट्टीतल्या लहान आवाजांना झाकून टाकतो. किकची घुमी बेस गिटारला झाकते, स्नेअर गायकाचा आवाज झाकतो, आणि सिम्बलची लांबत जाणारी झणझण नेमकी व्यंजनांच्या पट्ट्यात पसरते, त्यामुळे चाल कळत राहते पण शब्द कळत नाहीत. गाण्यातील कोणती गोष्ट आधी हरवते याकडे लक्ष दिले, तर ड्रमसेटमधील कोणता भाग तिला झाकतो आहे हे ओळखता येते आणि पुढचा उपाय नेमका करता येतो.

खोलीत स्पीकर ठेवून हा प्रश्न सुटत नाही, याचेही कारण सरळ आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्नेअर आपल्यापासून हातभर अंतरावर असतो आणि स्पीकर दोन-तीन मीटरवर. ही तूट भरून काढून ड्रमच्या वर यायचे तर स्पीकर ड्रमपेक्षाही कितीतरी मोठा वाजवावा लागेल. तो आवाज मग खोलीच्या भिंतींवर आपटून परततो आणि ठेका अधिकच धूसर होतो.

पहिली पायरी: ड्रमचा मूळ आवाज उतरवणे

सराव म्हणजे मैफल नव्हे; त्यामुळे रोजच्या सरावात ड्रमसेट पूर्ण आवाजात वाजलाच पाहिजे असे नाही. स्नेअर आणि टॉम या इतर ड्रमवर रबराच्या किंवा फोमच्या म्यूट पॅड ठेवल्या, किक ड्रमच्या आत कातड्याला टेकेल अशी उशी किंवा घडी केलेले ब्लँकेट ठेवले, तर फारसा खर्च न करता मोठा फरक पडतो. याहून पुढे जायचे असेल तर साध्या हेडऐवजी (ड्रमच्या कातड्याऐवजी) जाळीचे हेड बसवता येतात. रेमोचे सायलेंटस्ट्रोक हे या प्रकारातील परिचित नाव. सिम्बलसाठी भोके पाडलेले कमी आवाजाचे सिम्बल मिळतात. झिल्जियनच्या एल८० या मालिकेबद्दल कंपनीचा दावा ८० टक्क्यांपर्यंत आवाज कमी होण्याचा आहे. या सिम्बलवर काठीची उसळी खऱ्या सिम्बलसारखी राहते, हा त्यांचा खरा फायदा. रबराच्या पॅडवर हायहॅट (पायाने उघडझाप होणारी सिम्बलची जोडी) वाजवण्याची सवय झालेल्या हाताला पुढे खऱ्या हायहॅटवर आवाजाचे चढउतार जमत नाहीत.

काठ्या बदलणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. बारीक काड्यांची जुडी असलेल्या रॉड्सने सारा ड्रमसेटच मवाळ वाजतो. मात्र रॉड्सची उसळी कमी असते, त्यामुळे जलद रोल्सचा सराव त्यांवर करू नये. त्यासाठी काठ्या आणि म्यूट पॅड हीच जोडी योग्य.

सदनिकेत राहणाऱ्यांसाठी ही पायरी ऐच्छिक नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सोसायटीशी सरावाची वेळ आधीच बोलून घेतलेली बरी.

दुसरी पायरी: कान नीट झाकणे

सर्व पायऱ्यांमध्ये हीच सर्वात महत्त्वाची आहे आणि दुर्लक्षही हिच्याकडेच सर्वाधिक होते. हेडफोन विकत घेताना बहुतेक जण त्याचा नाद कसा आहे हे विचारतात; ड्रमवादकाने आधी विचारायला हवे की तो बाहेरचा आवाज किती अडवतो.

उघड्या पाठीचे हेडफोन, म्हणजे ज्यांच्या बाहेरच्या बाजूला जाळी असते ते, ड्रमसाठी निरुपयोगी आहेत. मोबाइलसोबत येणारे कडक प्लॅस्टिकचे इअरफोनही तसेच. ते कानाच्या पाळीत नुसते टेकलेले असतात आणि काहीच अडवत नाहीत. उरतात तीन मार्ग.

पहिला मार्ग ड्रमवादकांसाठी बनवलेल्या बंद हेडफोनचा. विक फर्थचा एसआयएच२ हा हेडफोन २५ डेसिबलपर्यंत आवाज अडवतो असे कंपनी सांगते, तर बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० एमसाठी सुमारे ३५ डेसिबलचा आकडा दिला जातो. कानावर घट्ट बसणे हेच यांचे काम असल्यामुळे तासाभरात कानशिले दुखू लागतात, ही तक्रार खरी आहे. पण सैल करून वापरले तर त्यांचा उपयोगच उरत नाही.

दुसरा मार्ग कानाच्या नळीत जाणाऱ्या इन-इअर प्रकारच्या इअरफोनचा. फोमची टिप नीट बसली तर हे इअरफोन मोठ्या हेडफोनइतका किंवा त्याहून अधिक आवाज अडवतात. शुअर कंपनी आपल्या एसई२१५ साठी ३७ डेसिबलपर्यंतचा दावा करते.

तिसरा मार्ग या दोहोंना जोडतो, आणि माझे मत विचाराल तर घरच्या सरावासाठी हाच सर्वोत्तम आहे. कानात फोम टिपचे इअरफोन घालावेत आणि त्यावरून कारखान्यात कामगार वापरतात तसे इअरमफ चढवावेत. औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानात चांगले इअरमफ ड्रमवादकांच्या खास हेडफोनपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. इअरफोनची वायर मफच्या गादीखालून जाते तिथे बारीकशी फट राहते, म्हणून बारीक आणि मऊ वायरीचे इअरफोन निवडावेत. दोन्ही संरक्षणांचे आकडे मात्र बेरजेने वाढत नाहीत. अमेरिकी कामगार सुरक्षा विभागाचा ठोकताळा असा, की दोहोंपैकी ज्याचा आकडा मोठा त्यात ५ मिळवावेत. याचे कारण असे, की एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानापर्यंत जातो आणि त्याला कानावरचे कोणतेही आवरण अडवू शकत नाही.

खोक्यावर छापलेले आकडे प्रयोगशाळेतले असतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. नायॉशचा सल्ला आहे की इअरमफचा आकडा प्रत्यक्षात २५ टक्क्यांनी आणि फोमच्या बोळ्यांचा ५० टक्क्यांनी कमी धरावा. ही तूट मुख्यतः बसवण्यातील निष्काळजीपणामुळे येते, म्हणून फोम टिप बसवण्याची कृती इथे सविस्तर देतो.

हात धुवावेत. टिप चिमटीत धरून हळूहळू वळत वातीसारखी बारीक करावी. तिच्यावर सुरकुती पडली तर सोडून पुन्हा वळावी, कारण त्या सुरकुतीतूनच आवाज आत शिरतो. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी. असे केल्याने कानाची वळणदार नळी सरळ होते. टिप आत सरकवावी आणि फोम फुगेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा मिनिट, इअरफोन बोटाने हलकेच दाबून धरावा. आता तोंड मिटून गुणगुणावे. आपला आवाज डोक्याच्या आत, घुमल्यासारखा ऐकू आला तर टिप बसली. दुसरी खूण अशी: दोन्ही तळहातांनी कान झाकावेत आणि उघडावेत. बाहेरच्या आवाजात फारसा फरक जाणवला नाही तर बंदिस्ती चांगली आहे. मोठा फरक जाणवला तर टिप काढून पुन्हा वळावी. एका कानाला मधली आणि दुसऱ्याला मोठी टिप लागणे यात वावगे काही नाही, कारण दोन्ही कानांच्या नळ्या पुष्कळदा सारख्या नसतात.

वरून चढवायच्या मफ किंवा हेडफोनबाबत तीन गोष्टी पाहाव्यात: गादीखाली केस अडकलेले नसावेत, कानातले दागिने काढलेले असावेत, आणि चष्म्याची काडी शक्य तितकी बारीक असावी. जाड काडीच्या चष्म्यामुळे गादी कानामागे उचलली जाते आणि नेमका किकचा आवाज तिथून आत येतो. चष्मा काढून चालणार असेल तर सरावापुरता काढावा.

सक्रिय पद्धतीने गोंगाट घालवणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन ड्रमसाठी घ्यावेत का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. घेऊ नयेत. हे तंत्र रेल्वे किंवा विमानाच्या सलग आणि खालच्या पट्टीतल्या घरघरीसाठी उत्तम चालते. सुमारे १००० हर्ट्झच्या वर त्याचा प्रभाव झपाट्याने कमी होतो. स्नेअरचा ठोका आकस्मिक असतो आणि सिम्बल वरच्या पट्टीत असतात. शिवाय जवळच्या जोरदार ठोक्याने हेडफोनच्या बाहेरच्या मायक्रोफोनवर ताण येऊन आत धप्प असा आवाज उमटू शकतो. असे हेडफोन घरात आधीच असतील तर ती सोय बंद करून वापरून पाहावेत. काहींची बंदिस्ती तशीही चांगली असते.

एका कानावरून हेडफोन सरकवून वाजवण्याची सवय काही वादकांना असते, कारण तसे केल्याने आपला ड्रम मोकळा ऐकू येतो. ही सवय सोडावीच लागेल. उघडा कान ड्रमचा पूर्ण मारा सोसतो, आणि त्या माऱ्यावर मात करण्यासाठी झाकलेल्या कानातले गाणेही वाढवले जाते. म्हणजे एकाच वेळी दोन्ही कानांचे नुकसान होते. आपला ड्रम ऐकण्याचा योग्य मार्ग पुढे येतो आहे.

तिसरी पायरी: गाणे कानापर्यंत नेणे

सर्वात साधी जोडणी म्हणजे मोबाइलला थेट वायरचा हेडफोन. मोबाइलला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचे छोटे कन्व्हर्टर लागते. मोबाइलची ताकद मर्यादित असल्यामुळे ३२ ते ८० ओहमचे हेडफोन घ्यावेत. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन मोबाइलवर दबलेला वाजतो आणि तो नादुरुस्त असल्याची शंका विनाकारण येते.

थोडा खर्च शक्य असेल तर मधे एक छोटा मिक्सर, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणारे उपकरण, ठेवावा. यामाहाचा एमजी०६ किंवा त्याच आकाराचा कोणताही मिक्सर पुरतो. मोबाइल, मेट्रोनोम आणि पुढे लागला तर मायक्रोफोन, असे सारे एका ठिकाणी येते आणि हेडफोनचा आवाज काठी न ठेवता एका मुठीने (फिरवायच्या बटणाने) कमी-जास्त करता येतो.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्याकडे बारकाईने पाहायला हवे. मोबाइलची केबल मिक्सरला लावली, वाद्ये ऐकू येत आहेत, पण गायक कुठेतरी लांब विहिरीत गात असल्यासारखा वाटतो, किक आणि बेसही गेलेले आहेत. दोष गाण्याचा किंवा मिक्सरचा नसतो. दोन्ही टोकांना स्टीरिओ पिन असलेली एकच केबल मिक्सरच्या एका मोठ्या, बॅलन्स्ड जॅकमध्ये घातलेली असते. असा जॅक पिनच्या दोन भागांवर येणाऱ्या संकेतांमधला फरकच पुढे पाठवतो. गायकाचा आवाज, किक आणि बेस हे ध्वनिमुद्रणात बहुधा मधोमध, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे सारखेच ठेवलेले असतात. त्यांच्यातला फरक शून्य, म्हणून ते नाहीसे होतात. यावर उपाय म्हणजे वाय आकाराची केबल: एका टोकाला मोबाइलसाठी छोटी स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोठ्या मोनो पिना, आणि त्या मिक्सरच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन जॅकमध्ये. दुकानात ‘छोट्या स्टीरिओ पिनमधून दोन मोठ्या मोनो पिना’ असे सांगितले की नेमकी केबल मिळते.

ब्लूटूथबद्दल बराच गैरसमज आहे. ब्लूटूथने आवाज उशिरा पोहोचतो; सर्वसाधारण जोडणीत हा उशीर १५० ते २५० मिलिसेकंद असू शकतो. पण साध्या ड्रमसेटवर, केवळ गाणे ब्लूटूथ इअरफोनमधून ऐकत वाजवत असाल, तर या उशिराने काहीच बिघडत नाही. सारे गाणे सारख्याच अंतराने उशिरा येते, आणि आपण जे ऐकतो त्यावरच वाजवतो. बिघडते ते आपला स्वतःचा ठोकाही ब्लूटूथमधूनच ऐकायचा असेल तेव्हा. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गाण्यात एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे आपला ठोका त्याहूनही उशिरा कानी पडला तर कोणताच हात लयीत राहू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटला आणि मायक्रोफोन लावलेल्या ड्रमसेटला म्हणूनच वायरचा हेडफोन हवा.

वायर छातीवरून लोंबू देऊ नये. ती पाठीमागून, शर्टाच्या आतून नेऊन कमरेपाशी क्लिपने अडकवावी आणि तिथून पुढे एक्स्टेन्शन केबल जोडावी, म्हणजे काठीत अडकून हिसका बसला तरी जॅक तुटत नाही आणि टिप कानातून निसटत नाही.

चौथी पायरी: गाणे सरावायोग्य करणे

कान झाकल्यावर उरलेला ड्रमचा आवाज सर्व पट्ट्यांत सारखा नसतो. आवरणे वरच्या पट्ट्या उत्तम अडवतात, खालच्या कमी. म्हणून सिम्बल दबतात पण किक आणि फ्लोअर टॉम शिल्लक राहतात. या ठिकाणी गाण्याचा बेस वाढवणे हा अगदी उलटा उपाय ठरतो, कारण तो किकशी टक्कर घेत राहतो आणि वरचे सारे झाकतो. इक्वलायझरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करण्याच्या सोयीत, १०० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा उतरवावा आणि १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने चढवावा. गायकाचे शब्द, गिटारचा आघात आणि बेस गिटारच्या तारेचा टणत्कार याच पट्ट्यात असतात, आणि ठेका धरायला तेवढे पुरते. चढवण्यापेक्षा उतरवणे केव्हाही चांगले.

गाणी वाजवणाऱ्या ॲपमधली सर्व गाण्यांचा आवाज समान ठेवण्याची सोय चालू करावी. नव्या ध्वनिमुद्रणांची पातळी जुन्यांपेक्षा बरीच वर असते. ही सोय बंद असेल तर जुन्या गाण्यासाठी वाढवलेला आवाज पुढच्या गाण्याला कानावर आदळतो.

गाण्यातल्या मूळ ड्रमचे काय करायचे, हा यापुढचा प्रश्न. माझ्या मते सुरुवात मूळ ड्रमसकटच करावी. आपला स्नेअर ध्वनिमुद्रणातल्या स्नेअरवर तंतोतंत पडला की ध्वनिमुद्रणातला ठोका आपल्या ठोक्याखाली लपतो. तो वेगळा, दुहेरी ऐकू आला की आपण पुढे किंवा मागे गेलो आहोत. लय तपासण्याची इतकी चोख कसोटी दुसरी नाही, आणि ती साधायला गाणे स्पष्ट ऐकू येणे ही पहिली अट आहे. ठेका बसल्यानंतर ड्रम काढलेली आवृत्ती घ्यावी. डीझर कंपनीने २०१९ मध्ये मुक्तपणे उपलब्ध करून दिलेले स्प्लीटर, मेटाचे डेमक्स किंवा मोबाइलवरचे मोइझेस अशा साधनांनी गाण्यातले गायन, बेस, ड्रम आणि उरलेली वाद्ये वेगळी करता येतात. बेस गिटार दीडपट ठेवून आणि ड्रम पूर्ण बंद करून वाजवले की किक आणि बेस यांचे नाते कधी नव्हे इतके स्वच्छ ऐकू येते.

ढोलक, तबला किंवा ढोलकीवर बांधलेल्या मराठी आणि हिंदी गाण्यांत ही साधने नेहमीच साफ काम करत नाहीत; तबल्याचा डग्गा कधी बेसच्या भागात जाऊन बसतो तर ढोलकीची चाट ‘इतर वाद्यां’मध्ये. अशा गाण्यांत ड्रम वेगळे काढण्याच्या फंदात न पडता मूळ गाणेच वापरावे आणि आपला हायहॅट अगदी हलका ठेवावा, कारण त्या गाण्यांचा प्राण असलेले बारीक बोल हायहॅटच्याच पट्टीत असतात आणि त्याच्याखाली सर्वात आधी दबतात.

वेग कमी करायचा असेल तर ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये स्वर न बदलता टेम्पो बदलता येतो. अवघड भाग ७० ते ८० टक्के वेगाने घ्यावा; त्याहून हळू केल्यास ठोक्यांच्या कडा फाटू लागतात आणि स्पष्टपणाच जातो.

पाचवी पायरी: पातळी लावणे

मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण, पण अगदी टोकाला नाही, असा ठेवावा. मिक्सरवर त्या वाहिनीचा लाल दिवा गाण्याच्या सर्वात मोठ्या भागातही लागणार नाही इतपत वाढ द्यावी. हेडफोनची मूठ मात्र शून्यावर असावी. आता नेहमीच्या जोराने ठेका सुरू करावा आणि मूठ हळूहळू फिरवत न्यावी. स्नेअरच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत गायकाचे शब्द कळू लागले की थांबावे. सिम्बलच्या भरातही शब्द कळलेच पाहिजेत असा हट्ट धरू नये. तेवढ्यासाठी वाढवलेला आवाज उरलेल्या सर्व गाण्याला जास्त होतो.

मग वाजवणे थांबवून, काहीही न बदलता नुसते गाणे ऐकावे. ते आरामात, कपाळाला आठी न पडता ऐकता आले तर पातळी बरोबर आहे. ते मोठे वाटले, हात आपोआप मुठीकडे गेला, तर याचा अर्थ बंदिस्ती कमी पडते आहे. अशा वेळी दुसऱ्या पायरीकडे परतावे, आवाजाशी तडजोड करू नये. अंदाजासाठी हिशेब असा: कानाशी १०५ डेसिबल ड्रम आणि प्रत्यक्षात २० डेसिबल अडवणारा हेडफोन असेल तर आत ८५ डेसिबल ड्रम उरतो. त्याच्या बरोबरीने गाणे ठेवले की दोन्ही मिळून ८८ डेसिबल होतात आणि नायॉशच्या कोष्टकात ४ तास मिळतात. तेच इअरफोनवरून मफ चढवून ३० डेसिबल अडवले, तर आत ड्रम ७५ आणि गाणे ७८ ठेवूनही स्पष्ट ऐकू येते, आणि चिंतेचे कारणच उरत नाही.

योग्य जागा सापडली की मुठीवर आणि मिक्सरवर चिकटपट्टीने खूण करावी. तासाभराने गाणे बारीक वाटू लागते, पण ते बारीक झालेले नसते. कान थकलेले असतात. खुणेच्या पुढे जाऊ नये, दहा मिनिटे शांत बसावे.

सहावी पायरी: आपला ड्रम थोडा परत आणणे

कान चांगले झाकले की एक नवी अडचण उभी राहते. आपलाच ड्रम लांबून, गादीखालून आल्यासारखा वाटतो, घोस्ट नोट, म्हणजे मुख्य ठोक्यांमधले अगदी हलके ठोके, ऐकूच येत नाहीत, आणि त्या ऐकू याव्यात म्हणून हात नकळत जोरात पडू लागतात. मनगटे दुखतात, शिवाय आवाजाचे सारे चढउतार सपाट होतात.

यासाठी एकच मायक्रोफोन पुरतो. तो आपल्या डोक्याच्या किंचित वर आणि पुढे, साऱ्या ड्रमसेटकडे तोंड करून लावावा आणि मिक्सरमधून हेडफोनमध्ये अगदी थोडा, गाण्याच्या खाली ठेवावा. कंडेन्सर मायक्रोफोनला मिक्सरवरचा ४८ व्होल्टचा पुरवठा चालू करावा लागतो. शुअर एसएम५७ सारख्या डायनॅमिक मायक्रोफोनला तो लागत नाही आणि मोठा आवाजही तो सहज पेलतो. मिक्सरला यूएसबीची सोय असेल तर गाणे आणि ड्रम एकत्र मुद्रित करता येतात. दोन्ही एकाच मिक्सरमधून जात असल्यामुळे त्यांच्यात काळाचा फरक पडत नाही, आणि सराव संपल्यावर आपण गाण्याच्या पुढे धावत होतो की मागे रेंगाळत होतो हे मुद्रणावर निर्विवाद ऐकू येते.

इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट असेल तर

वरील बरेचसे काम आपोआप सुटते. मोबाइलची केबल मॉड्यूलच्या, म्हणजे ड्रमचे आवाज तयार करणाऱ्या पेटीच्या, ‘ऑक्स इन’ किंवा ‘मिक्स इन’ जॅकला जोडावी. काही मॉड्यूलमध्ये गाणे ब्लूटूथनेही घेता येते आणि वर सांगितलेल्या कारणाने त्यात अडचण नाही, फक्त हेडफोन वायरचा असावा. गाणे दबले तर गाणे न वाढवता मॉड्यूलमधल्या ड्रमची पातळी उतरवावी, आणि आधी सिम्बलची. बंद हेडफोन इथेही हवाच, कारण रबरी पॅडवरच्या काठीची टकटक उघड्या हेडफोनमधून आत येते आणि ठेक्याचा भास बिघडवते.

कानांची आणि साहित्याची निगा

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत फोमच्या टिपा घामाने लवकर कडक होतात आणि फुगेनाशा होतात. वळल्यावर अर्ध्या मिनिटात पूर्ववत न होणारी टिप बदलावी. हेडफोनच्या गादीला तडे गेले की तिची बंदिस्ती गेलेली असते, म्हणून सुट्या गाद्या मिळणारेच मॉडेल घ्यावे. कान फुटलेला असेल, खाजत असेल किंवा त्यात मळ साचला असेल, तर कानात जाणारे इअरफोन घालू नयेत. लहान मुलांच्या डोक्याला मोठ्यांचे मफ सैल बसतात. त्यांच्यासाठी लहान मापाचे घ्यावेत आणि आवाजाची खूण पालकांनी स्वतः हेडफोन लावून तपासावी.

कानांची मर्यादा केवळ ड्रमपुरती मोजून चालत नाही. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मुलाने सकाळी ड्रमचा सराव करायचा असेल, तर त्या दिवसांत म्यूट पॅड लावूनच तो करावा आणि पथकातही कानात बोळे घालावेत. सरावानंतर कानात शीळ वाजणे, किंवा लोकांचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटणे, ही पातळी चुकल्याची स्पष्ट खूण आहे. असे झाल्यास पुढच्या सरावाआधी बंदिस्ती पुन्हा तपासावी, आणि शीळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.